अर्धी हजामत

मित्रांनो, मी केस कापायची एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पायाची, अंगानं भारदस्त. आमचं अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं सलून बंद पडलं आणि मी गोदामात उंदरांना पोसत बसले. मग कॉलेजातले ब्रॉडनॅक्स सर आले. काळ्या आणि लॅटिनो मुलांना आधार द्यायला त्यांना एक खोली मिळाली होती. पण "या, मदत करतो," म्हटलं की पोरं लांब पळायची. सरांनी मला तिथं मांडलं. केस फुकट कापतात म्हटल्यावर रांगच लागली.

मशीन चालवायचा रोसेंडो, तिथलाच विद्यार्थी. एका दुपारी पहिल्या वर्षाचा टेव्हिन येऊन बसला.

"लवकर आटप भावा. पाचच्या आत ऑफिसात जाऊन नाव काढून घ्यायचंय."

"कॉलेजातनं?"

"मग काय. केमिस्ट्रीच्या प्रयोगाला कुणी जोडीला घेत नाही. गार्ड रोज माझंच कार्ड बघतो. हे आपलं घर नाही."

रोसेंडोनं मशीन सुरू केलं. डावी बाजू झाली, आणि सरांनी मायक्रोवेव्हमध्ये मॅकरोनी ठेवली, स्टीलच्या चमच्यासकट. ठिणगी उडाली, अख्ख्या मजल्याची वीज गेली.

आरशात टेव्हिन: डावीकडं चकाचक, उजवीकडं जंगल. आमच्या गिऱ्हाइकांत अर्ध्या कटिंगनं कुणी उंबरा ओलांडत नाही.

"टोपी देऊ?" सर ओशाळून म्हणाले.

"सर, तुम्ही नका काही देऊ आता."

रांगेतला धिप्पाड एमॉस माझ्या हातावर टेकला. मी कण्हले. "केमिस्ट्री ना? दोनदा नापास झालोय, सगळं पाठ आहे. विचार."

"पाठ आहे तर नापास कसा?"

"एकटा बसायचो. सकाळच्या बॅचला ये, जोडी जमवू."

दोघं पुस्तकात वाकले. सर करपलेली मॅकरोनी वाढत राहिले. वीज आली तेव्हा सहा वाजले होते.

"ऑफिस बंद झालं," टेव्हिन म्हणाला.

"उद्या उघडतंय," रोसेंडोनं मशीन उचललं. "उजवी बाजू करू, का राहू दे?"

"कर. सकाळी लॅबला जायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. कापण्यासारखे केस नव्हते, तरी ऐसपैस बसला आणि एमॉसला म्हणाला, "ए दोनदा नापास, पुढचा धडा काढ."

मित्रांनो, माझी गादी फाटलीय, सांधे कुरकुरतात. शिवा, तेल घाला. पण नुसती पुसूनबिसून रिकामी नका ठेवू. दाराशी कुणी घुटमळताना दिसला, तर आधी त्याला बसवा.