देवीच्या खांद्यावरची पाकळी

शहरात कुठे स्फोट झाला आणि इकडे गोव्यात, मांद्र्यात, आमच्या सगुणकाकांना अतिरेकी सापडला. तो आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. नाव महादेव, गाव वेंगुर्ल्याकडचं. गुन्हा एवढाच की वेळी-अवेळी घरी यायचा. खाणीवर टिपर चालवणारा माणूस कचेरीच्या वेळेला कसा यायचा?

सगुणकाका माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. समुद्राकडे त्यांचं गेस्टहाऊस, आणि नव्या दक्षता समितीचे ते अध्यक्ष. समितीकडे दोन शिट्ट्या आणि एक बॅटरी होती.

"वहिनी, हे लोक निजल्यासारखे राहतात," काका माझ्या सासूबाईंना समजावत होते. "शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही."

"अतिरेकी बाळंतिणीसाठी मेथ्या भाजत बसतो काय, भावजी?" सासूबाई म्हणाल्या. "आणि निजलेलेच धरायचे तर तुमच्या समितीपासून सुरुवात करा."

महादेवची बायको रुक्मिणी दाराआडून ऐकत होती. तिची चिमी आणि माझा अनंत एकाच पाळण्यात निजायची, एकीचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. जाग आली की अनंत तिचा अंगठा स्वतःचा समजून चोखायचा.

पोलिसांकडे जायचं सोडून समितीने देवीचा कौल घ्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी सगळा गाव देवळात. पुजाऱ्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "माणूस चोख असेल तर उजवी दी गे माये, खोटा असेल तर डावी."

महादेव हात जोडून उभा. रुक्मिणी खांबाला टेकलेली, चिमी छातीशी. पाकळी पडेना. कोणी घंटा वाजवली, कोणी पंखा बंद केला. समिती डोळे वटारून देवीकडे बघत होती, जशी काही तीच संशयित.

अनंत रडू लागला म्हणून मी त्याला घेऊन बाहेरच्या पायरीवर आले. समोर रस्त्यावर रिक्षा उभी होती. काकांच्या गेस्टहाऊसमधली तीन पोरं निघाली होती. संगणकाचा अभ्यास करतात म्हणे. खोली झाडायलाही कोणाला आत घ्यायची नाहीत, पण रोज काकांच्या पाया पडायची, त्यामुळे त्यांच्यासाठी कौल लागला नाही. काका लगबगीने देवळातून बाहेर आले.

"दी रे हांगा ती बॅग. तुम्ही पाहुणे!"

पोरं नको नको म्हणत असताना त्यांनी बॅग खांद्यावर घेतली आणि रिक्षात ठेवली. परतताना खांदा चोळत मला म्हणाले, "केवढी पुस्तकं वाचतात गो ही पोरं! आमच्या पोरांनी शिकावं."

आत येऊन त्यांनी निकाल दिला. "देवी गप्प म्हणजे देवी नाराज. खोली खाली करा."

घरी येऊन रुक्मिणीने ट्रंक भरायला घेतली. "खंय जावचा आता? चिमीक घेऊन?" एवढंच म्हणाली. मी चिमीच्या लंगोटांच्या घड्या घालत बसले. चार घड्या उलट्या पडल्या.

सोमवारी पोलिसांच्या जीपा काकांच्या गेस्टहाऊससमोर उभ्या राहिल्या. पोरं सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर धरली गेली होती. बॅगेत पुस्तक एकही नव्हतं. खोलीतून वायरींची भेंडोळी निघाली, घड्याळांची पोटं निघाली आणि डब्यात भरलेली पूड.

दुपारी काका आमच्या मागच्या दारी आले. शिट्टी गळ्यात नव्हती.

"सूनबाई, पोलीस विचारतील, बॅग उचलून कोणी दिली. तू पायरीवर होतीस." त्यांनी आवाज खाली आणला. "महादेव म्हण. तो तसाही जाणारच आहे ना? माझी गावात अब्रू आहे गो."

पाळण्यात अनंतने चिमीचा अंगठा तोंडात धरला होता. मी दोरी हलवत राहिले.

"सांगते काका. पण असं एकदम कसं? आधी कौल घेऊन या."

सासूबाई आतून एवढ्या हसल्या की चूल फुंकायची राहिली.

पोलीस आले. मी पाहिलं ते सांगितलं. कोणाचा खांदा, कोणती रिक्षा, कोणाची पुस्तकं. काकांना जीपमध्ये बसवून विचारपूस करायला नेलं, तेव्हा समितीतला एकही जण शिट्टी वाजवायला आला नाही. पाकळी रविवारी संध्याकाळी वाळून पडली होती म्हणे. उजवी की डावी, कोणी विचारायलाही गेलं नाही.

मी मागच्या खोलीत गेले. रुक्मिणी भरलेल्या ट्रंकेवर बसून होती.

"ऊठ गो," मी म्हटलं. "चिमीचे ओले लंगोट दे बाहेर. ऊन आहे तोवर वाळतील."