उलट्या हाताचा ग्लव्ह

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉलचा ग्लव्ह आहे. तपकिरी, चामड्याचा, अंगठ्यापाशी घामाने काळा पडलेला. गोड बोलणं मला जमत नाही. माझं काम चेंडूचा मार खाण्याचं. मार खाणाऱ्याने गोड का बोलावं?

एका गाईच्या पाठीवरून मी कारखान्यात आलो. लोक हे सांगत नाहीत, मी सांगतो. तिथे एका बाईने मला चामड्याच्या वादीने ओवलं. माझ्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या मधे एक झोळी आहे. चेंडू तिच्यात अडकतो. ती झोळी त्या वादीवर उभी असते. वादी गेली की मी गेलो. एवढं लक्षात ठेवा.

अडतीस वर्षांपूर्वी मला ओहायोतल्या एका दुकानात सुमंतकाकांनी विकत घेतलं. काका नागपूरचे, पूल बांधणारे इंजिनिअर. बेसबॉलमध्ये ज्या हाताने चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवतात आणि ग्लव्ह दुसऱ्या हातात घालतात. काकांना हे कोण सांगणार? क्रिकेटमध्ये ते उजव्या हाताने एकहाती झेल घेणारे. त्यांनी उजवा हात माझ्यात खुपसला, मूठ मिटून पाहिली आणि म्हणाले, "झकास!" डावखुऱ्यांसाठी बनलेला मी असा एका उजव्या माणसाच्या घरी गेलो. मग फेकायला त्यांना डावा हात उरला. त्या हाताने फेकलेला चेंडू शेजाऱ्यांच्या गॅरेजवर जाऊन आदळायचा. त्यांचा मुलगा देव लहान होता. तो ओरडायचा, "बाबा, यू बॉट द राँग वन!"

"घेतला ना? मग आता हाच," काका म्हणायचे.

आमचं घर ओहायोतल्या डब्लिन गावात, तिथून पाऊण तासावर एक छोटं मैदान आहे. तिथे 'हेरन्स' नावाचा संघ खेळतो. हेरन म्हणजे बगळा, म्हणून आमच्या घरात त्यांना बगळेच म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी बगळ्यांनी कप जिंकला. त्याच आठवड्यात काकांनी माझी वादी बदलली होती. झालं! ती वादी लकी ठरली. "पुन्हा कप येईपर्यंत हिला हात लावायचा नाही." तेलसुद्धा नाही. तेल लावलं तर नशीब घसरतं म्हणे. पुलाचा एकेक बोल्ट तपासणारा माणूस, आणि हे!

दुसरी खोड त्याहून वाईट, आणि ती तुमच्याही घरात असेल. मॅच रंगात आली की जो जिथे बसलाय तिथेच बसायचं. उठलं की विकेट पडते. ही खोड काकांनी जशीच्या तशी बेसबॉलला आणून लावली.

आता त्या जुलैच्या संध्याकाळचं सांगतो. सांगताना अजून माझं चामडं आक्रसतं.

कांचनकाकूंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या डोळ्याला धक्का लागला तर नजर जाईल. सहा आठवडे काकू घरात होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "त्याच त्या भिंती किती बघू, तेही एका डोळ्याने? मीही येते."

आमच्या जागा जुन्याच, डावीकडच्या पट्ट्यात. तिथे समोर जाळी नाही. जाळी फक्त बॅट्समनच्या मागच्या खुर्च्यांना. काकू काकांच्या उजवीकडे बसल्या. "तुम्ही डावीकडे असलात तर दिसता तरी." म्हणजे तो दुखरा डोळा बॅटच्या बाजूला, आणि मधे कोणी नाही. देव काकूंच्या मागच्या रांगेत बसला. त्याने पुढे वाकून मला चाचपलं.

"बाबा, ही लेस संपलीये. लुक, इट्स क्रम्बलिंग."

"चालतंय रे. एकोणीस वर्षं चालतंय."

चालत नव्हतं! आतून वादीचा भुगा झाला होता. पण मला तोंड कुठे आहे?

बगळे त्या मोसमात सलग सोळा सामने हरले होते. स्टँड अर्धा रिकामा. प्रत्येक वेळी बॅटचा टक्क आवाज झाला की काकू दचकायच्या आणि मीही. चेंडू दुसरीकडे गेला की दोघं सुटायचो. पुढच्या टक्कपर्यंत.

नऊपैकी सातव्या डावात काकू हळूच म्हणाल्या, "अहो, आपण जाळीमागे जाऊ या का? मला चेंडू येताना दिसत नाहीये. भीती वाटते."

"चल आई, आय विल टेक यू," देव उठलाच.

"खाली बस!" काका ओरडले. "चार-तीनने पुढे आहेत बगळे! आत्ता कोणी हलायचं नाही."

"बाबा, सीरियसली?"

"दोन डाव राहिलेत फक्त. अगं, मी आहे ना."

मी आहे ना, म्हणे. तेव्हा काकांची सगळी भिस्त माझ्यावर होती, आणि माझी एका सडक्या वादीवर. काकूंनी पर्स छातीशी धरली.

आठवा डाव. आपल्याच बगळ्याने बॅट फिरवली. टक्क. चेंडू वर गेला नाही, सरळ आमच्याकडे आला, काकूंच्या उजव्या बाजूने. त्या स्कोअरबोर्डकडे बघत होत्या.

काकांचा उजवा हात झटकन पुढे गेला. उलट्या हातात घातलेला मी म्हणूनच काकूंच्या बाजूला होतो. सरळ हातात असतो तर पोचलोच नसतो. चेंडू झोळीत बसला आणि वादी तुटली. एक, दोन, तीन ठिकाणी. मी धरू शकलो नाही. चेंडू माझ्यातून आरपार गेला, काकूंचा चष्मा उडवून त्यांच्या मांडीवर पडला.

काकूंनी हात उजव्या डोळ्यावर घट्ट दाबला.

"कांचन? कांचन, हात काढ."

"नाही."

"अगं बघू तरी."

"मला भीती वाटते," काकू म्हणाल्या. "हात काढला आणि अंधार असला तर?"

देव पायरीवर गुडघे टेकून बसला होता. मी फाटलेला, काकांच्या हातात. मग काकूंनी डावा डोळा मिटला आणि एक एक बोट उचललं.

"काय दिसतंय?"

"तुमचं तोंड," काकू म्हणाल्या. "धूसर आहे. पांढरंफटक पडलंय, बगळ्यासारखं."

चेंडूचा जोर माझ्यात मोडला होता. गालावर फक्त ओरखडा होता. आम्ही उठून सरळ दवाखान्यात गेलो. डोळा शाबूत होता. बगळे हरले. आम्ही खिळ्यांनी ठोकल्यासारखे बसून राहिलो असतो तरी हरलेच असते!

रविवारी देवने नवी वादी आणि तेल आणलं. काकूंनी गोधडीची दाभण काढली. एका डोळ्याने त्या ओवत होत्या आणि काकांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"जुनी वादी कुठे ठेवलीस?" काकांनी विचारलं.

"कचऱ्यात. आणि पुढच्या वेळी जाळीमागे बसायचं. बगळे हरताना तिथूनही छान दिसतात."

काकांनी तेलाची बाटली जवळ ओढली.

मित्रांनो, टक्क ऐकलं की मी अजून घाबरतो. म्हणून मागतो ते ऐका. ज्याच्या भरवशावर कुणाला "मी आहे ना" म्हणता, त्याची वादी आधी बघा. तेल लावा, ओढून बघा. आणि शेजारचं माणूस भीती वाटते म्हणालं तर लगेच उठा. स्कोअर नंतर विचारा.