चंद्री म्हशीमार्फत

माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, याची डिग्री आष्ट्याच्या लालासाहेबांची शिवांजली सांगलीच्या कॉलेजात घेत होती. गावात हे कुणालाच पटेना. बोलायला शिकायची फी भरतात व्हय, असं हरणाआत्या भेटेल तिथं विचारायची, आणि उत्तर यायच्या आत आपणच बोलत सुटायची.

आता शेवटचा प्रोजेक्ट राहिला होता. अबोला धरलेल्या दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं आणि ते रेकॉर्ड करून तोंडी परीक्षेला न्यायचं. नापास झाली तर कॉलेज बंद आणि स्थळं बघणं सुरू, हा लालासाहेबांचा हुकूम. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला माणूस, हुकूम फिरवायचा नाही.

अबोला मात्र शोधावा लागला नाही. घरातच होता. साताऱ्याकडच्या एका लग्नात मानपानाला लालासाहेबांना फेटा बांधला आणि धाकट्या उदयसिंहांच्या डोक्यावर नुसती टोपी ठेवली. तेव्हापासनं भावाभावांचं बोलणं बंद. पण उसाची शेती दोघांची एकात, म्हणजे कामाचं तर बोलावंच लागणार. म्हणून दोघं चंद्री म्हशीशी बोलायचे. थोरल्यानं गोठ्यात येऊन म्हणायचं, चंद्रे, आज उसाला पाणी सोडायचं हाय. दावणीच्या पलीकडनं धाकट्यानं म्हणायचं, चंद्रे, मोटार मी बघतो. चंद्री रवंथ करायची. ऊस डोक्याच्या वर गेला होता, कुणाचं काही अडत नव्हतं.

पण मधे कुणाला तरी घेऊन बोलणं हा आजार आहे, असं विनोदिनी मॅडमनी वर्गात शिकवलेलं. शिवांजलीनं दोघांना सोप्यात समोरासमोर बसवलं, मधे मोबाईल ठेवला आणि नियम सांगितला: आरोप करायचा नाही, प्रत्येक वाक्य 'मला असं वाटतं' असंच सुरू करायचं.

दोघं मोबाईलकडं तोंड करून बसले. मग उदयसिंहांनी घसा खाकरला.

"मला असं वाटतं, की तू लबाड हायस."

"मला असं वाटतं, तुझ्या डोस्क्याला टोपीच शोभती."

"आवं काका, आरोप न्हाई करायचा. मनातली भावना सांगायची."

"भावनाच सांगतोय की. लय दिसाची हाय."

मग नियम काटेकोर पाळत दोघांनी एकमेकांच्या सासुरवाड्यांपर्यंतचं सगळं काढलं आणि दोन दारांनी दोघं बाहेर पडले. त्या दिवसापासनं चंद्रीशीही बोलणं बंद. भांडण चालू असताना ती गोठ्यातनं थोरल्याच्या बोलण्यावर रेकली, म्हणजे ती त्याच्या बाजूची, असं धाकट्याचं म्हणणं. पाण्याच्या एका पाळीला मोटार कुणीच चालू केली नाही. पुढच्या पाळीला कुणीच बंद केली नाही, आणि शेजाऱ्याचा भुईमूग पोहायला लागला.

हे शिव्यांचं रेकॉर्डिंग घेऊन शिवांजली परीक्षेला गेली. टेबलाच्या एका टोकाला विनोदिनी मॅडम, दुसऱ्या टोकाला सुमंत सर. सुसंवाद शिबिराच्या फलकावर कुणाचं नाव वर, यावरनं दोघांचं बिनसलेलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"शिवांजली, सरांना सांग, पंखा कमी करा."

तिनं सांगितलं.

"मॅडमना म्हणावं, उकडतंय."

तिनं तेही सांगितलं. मग मॅडमनी सांगितलं, की सरांना म्हणावं, हिला पहिला प्रश्न मी विचारणार. सर म्हणाले, मॅडमना सांग, मागच्या वर्षी त्यांनीच विचारला होता. शिवांजलीचं डोकं उठलं. घरी तेच, इथं तेच, आणि हे शिकायला रोज एसटीत उभं राहून यायचं. तिनं निरोप सांगणंच सोडून दिलं. दोघांच्या मधोमध भिंतीकडं बघत राहिली आणि एसटीत तोंडात टाकलेली बडीशेप हळूहळू चावायला लागली.

मग दोघं तिच्याकडं बघूनच बोलत राहिले आणि सगळं सुरळीत चाललं. पंखा ठरला, चहा ठरला, तिचे मार्कसुद्धा तिच्या डोक्यावरनं ठरले. रेकॉर्डिंग ऐकायला कुणीच मागितलं नाही. ऐकून घेण्याचं कौशल्य फार वरच्या दर्जाचं, असा शेरा मारून दोघांनी तिला पहिल्या वर्गात पास केलं.

संध्याकाळी पास झाल्याचं सांगत ती जेवायला बसली. एका अंगाला वडील, दुसऱ्या अंगाला काका.

"शिवे," लालासाहेब भाकरी मोडत म्हणाले, "उद्या उसाला पाणी सोडायचं हाय."

"शिवे, मोटार मी बघतो," पलीकडनं आवाज आला.

तिला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. पण ऊस पिवळा पडायला लागला होता. तिनं मोठा घास तोंडात घातला आणि समोरच्या भिंतीकडं बघत सावकाश चावत राहिली.