हवालदारांचा एन्कोडर

अंकिताने लिहिलेल्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडचं, नाव होतं 'रंगारी'. प्रोग्रामचा मजकूर तिच्यात टाकला की राखीव शब्द कुठला, टीप कुठली, संख्या कुठली हे ती ओळखायची आणि प्रत्येकाला वेगळा रंग देऊन वेबपानावर मांडायची. सांगलीचे सुमंत सर कोडिंगचा क्लास चालवायचे, त्यांच्या धड्यांसाठी हे काम होतं. अंकिता ते मेढ्याजवळच्या आपल्या घरी बसून करायची.

काम झालं, सर खूश झाले, आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली. सरांना तोच रंगीत मजकूर आता टर्मिनलच्या काळ्या खिडकीत हवा होता. पण रंगारीत ओळखणं आणि रंगवणं चारशे ओळींच्या एकाच फंक्शनमध्ये असं कालवलेलं, की वेगळं काढणं म्हणजे आमटीतलं मीठ काढणं. अंकिताने घाईत अख्खी फाइल कॉपी केली आणि शेवट तेवढा बदलला. मग पडद्यावर दाखवायच्या धड्यांसाठी तिसरी कॉपी झाली. पुढे एक चूक सापडली. ती तिने दोन फायलींत सुधारली, तिसरीत विसरली. सांगलीला भर वर्गात धड्यातलं 'पेक्षा लहान' हे चिन्ह आलं आणि त्याच्या पुढचं सगळं पडद्यावरून गायब झालं. ब्राउझरला तो टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची खूण, वाटला होता. निम्म्या मुलांनी ती मोकळी जागाही इमानदारीत वहीत उतरवून घेतली.

सरांनी फोनवर फार काही बोलून दाखवलं नाही, त्यानेच अंकिताला जास्त लागलं. त्याच तिरमिरीत तिने निदान रंग तरी नीट निवडावेत म्हणून वडिलांना हाक मारली.

वडील लालासाहेब शेलार, घरातले आप्पा, म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना पाण्याच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम लिहीन म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून ते लेकीकडे शिकत होते. प्रत्येक ओळ परेडला हुकूम द्यावा तशी मोठ्यानं वाचायचे. अंकिताने एकच धडा लाल आणि हिरव्या रंगात शेजारी शेजारी मांडला आणि कुठला बरा दिसतो ते विचारलं.

आप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. दोन्ही झ्याक आहेत म्हणाले. एकच निवडा म्हटल्यावर बराच वेळ बघून म्हणाले, "वरला."

वरला असा त्यात कुठलाच नव्हता. अंकिताने ते बोलून दाखवलं. आप्पा उठले, दार लावून आले आणि खुर्ची जवळ ओढून बसले.

"पोरी, मला लाल-हिरवं कळत न्हाई. जल्मापासनं," ते म्हणाले. "तुज्या आईला बोलू नगंस."

भरतीच्या वेळी रंग ओळखता येतात का ते बघायला रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावायचे. पुढचा गडी मोठ्यानं वाचत होता, ते यांनी ओळीने पाठ केले आणि धडाधड म्हणून दाखवले. सव्वीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. घरी मात्र चंद्राबाई, म्हणजे अंकिताची आई, हिरवी साडी सांगितली की लालभडक घेऊन येतात म्हणून त्यांना हेकट ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. आप्पांना ते सोयीचं होतं. बायकोनं अधू म्हणण्यापरीस हेकट म्हटलेलं काय वाईट?

अंकिताला आधी हसू आलं, मग आपलीच लाज वाटली. वर्षभर ती ह्या माणसाला रंग दाखवून शिकवत होती. चौथी कॉपी करून भागणार नाही, हे आता तिला पुरतं कळलं.

तिने आठवडाभर बसून रंगारीचे दोन तुकडे केले. रंगारीने आता फक्त वर्दी द्यायची: राखीव शब्द सुरू, हा मजकूर, राखीव शब्द संपला. त्या वर्दीचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या एन्कोडरने, म्हणजे मजकूर मांडणाऱ्या वेगळ्या तुकड्याने, ठरवायचं. वेबपानाचा एन्कोडर टॅग घालील, टर्मिनलचा रंगाचा संकेत देईल. कुणाला नवं काही हवं असेल तर त्याने तीन लहान फंक्शनं लिहावीत, आपलं नाव नोंदवावं आणि रंगारीच्या फाइलला हात लावू नये. झालं तेव्हा तिने वडिलांना सांगितलं, तुमचा तुम्हीच लिहा.

आप्पांनी चार दिवसांत लिहिला. राखीव शब्दाला दोन्ही बाजूंनी उभी दुहेरी रेघ, संख्येखाली आडवी रेघ, टिपेआधी ठसठशीत 'टीप'. पहिल्यांदा चालवला तेव्हा पहिल्या संख्येखाली सुरू झालेली रेघ प्रोग्रामच्या अखेरपर्यंत थांबलीच नाही, कारण शेवटाचं फंक्शन लिहायचं राहिलं होतं.

"थांब म्हटल्याबिगर कोण थांबतंय," आप्पा म्हणाले. "चूक माजीच."

अंकिताने तो नमुना सुमंत सरांना पाठवताना त्यामागची गोष्टही सांगून टाकली, आणि सरांनी तो उचलूनच धरला. त्यांना धड्यांची पुस्तिका काळ्या शाईतच छापायची होती, तिथं रंगांचा उपयोग नव्हता. तीनशे प्रती निघाल्या. सर मोठ्या मनाचे; त्यांनी न विचारता पहिल्या पानावर आभार मानले. रंगांधळेपणा असूनही सव्वीस वर्षं फौजेत सेवा करणाऱ्या हवालदार लालासाहेब शेलार यांचे.

घरी आलेलं पुस्तिकेचं पार्सल चंद्राबाईंनी फोडलं. पान दोनदा वाचलं. मग अंगणात येऊन त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की आप्पांच्या हातातली पाण्याची नळी खाली गळाली.

"सरकारला फसवलंसा, मलाबी फसवलंसा. आता हे कुणी वरती दावलं आन पेन्शन बंद केली, तर काय करायचं वो?"

आप्पांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आता तेही घाबरले. एवढ्या वर्षांनी कोण कशाला विचारतंय, अंकिता समजावत राहिली. दोघांनीही ऐकलं नाही. रविवारी पहाटेच्या एसटीने तिघं सांगलीला निघाली. सरांनी शरमून माफी मागितली, त्या ओळी झाकायला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या, आणि चंद्राबाई डिंकाची बाटली घेऊन तीनशे पुस्तिकांसमोर मांडी घालून बसल्या. नवऱ्याला त्यांनी हात लावू दिला नाही.

शंभराच्या आसपास प्रती चिकटवून झाल्या असतील, तेव्हा क्लासमध्ये आठ वर्षं शिकवणारे धैर्यशील मास्तर आप्पांजवळ येऊन हळू आवाजात काही बोलले. त्यांनाही लाल-हिरवं कळत नव्हतं. मुलं रंगांबद्दल विचारायची तेव्हा ते पाणी प्यायला बाहेर जायचे. दुहेरी रेघ त्यांना आवडली होती, पण टीप त्यांना कंसात हवी होती. आप्पांनी लगेच लॅपटॉप ओढला. रंगारीला कुठंही हात न लावता, जेवायच्या आत मास्तरांचा एन्कोडर चालू झाला. अंकिताने मान वर करून फक्त एकदा बघितलं.

बघितलं चंद्राबाईंनीही. डिंकाचा ब्रश बाटलीत ठेवून त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं आणि लग्न झालंय का विचारलं.

वैशाखात आहे, मास्तर म्हणाले.

"मुलीला सांगितलंय?"

मास्तर पाणी प्यायला बाहेर वळले. चंद्राबाईंनी पुस्तिकांचा गठ्ठा बाजूला सारून त्यांना जागा करून दिली.

"बसा हितं," त्या म्हणाल्या. "आन आदी फोन लावा तिला."