उंचीपट्टीचा एक सेंटीमीटर

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही चपला काढून एका लाकडी पाटावर उभे आहात. टाचा मागे टेकलेल्या, हनुवटी सरळ. आता डोक्यावर काहीतरी गार हळूच येऊन बसेल. दचकू नका. ती माझी पितळी दांडी आहे. ती तुमच्या डोक्यावर टेकली की माझ्या अंगावरचा एक आकडा तुमचा होतो.

मी एक जुनी लाकडी उंचीपट्टी आहे. एका लहान गावाच्या पोलीस ठाण्यात, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, माझं सगळं आयुष्य गेलं. आता मी त्याच ठाण्याच्या सामानाच्या खोलीत आहे. माझ्या एका बाजूला लोकांनी विसरलेल्या छत्र्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला चाक नसलेली सायकल. सोबत वाईट नाही, पण कोणी बोलत नाही.

मला घडवणारा सुतार फार सावकाश काम करायचा. माझ्यावरची एकेक रेघ त्याने पट्टी लावून तीनतीनदा तपासली होती. मला पोचवायला तो स्वतः आला आणि हवालदारांना म्हणाला, "हिच्यावर पाणी सांडू नका आणि हिला खोटं बोलायला लावू नका. बाकी ही तुम्हाला पुरून उरेल."

हवालदार तेव्हा तरुण होते. त्यांनी ते बोलणं मनावर घेतलं. दर सोमवारी ते माझी दांडी चिंचेने घासत आणि मला कोरड्या फडक्याने पुसत. माझ्या शेजारच्या टेबलावर त्यांचं काम चाले. कोणाची पिशवी हरवली, कोण आठवडाभर परगावी चाललं आहे आणि त्याच्या बंद घरावर लक्ष ठेवायचं आहे, हे सगळं ते वहीत लिहून घेत. गावातली मुलं त्यांना मोजणीकाका म्हणत, कारण वर्षातून एकदा ते सगळ्या मुलांची उंची मोजत.

त्या दिवशी व्हरांडा नुसता गजबजून जाई. प्रत्येक मुलाचं एक कार्ड बनवायचं असे. त्यावर उंची, अंगावरची एखादी खूण आणि घरचा पत्ता. तेच सगळं काका वहीतही उतरवून ठेवत. मूल हरवलंच, तर शोधायला सोपं. एकदा बसथांब्यावर एक लहान मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हतं. मोजणीकाकांनी त्याला माझ्यापाशी उभं केलं, वही उघडली आणि उंचीवरून व कानामागच्या तिळावरून अर्ध्या तासात त्याचं घर काढलं. त्याच्या आईने जाताना माझ्या पाटालाही हात लावला. मित्रांनो, तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

माझं दुसरं काम भरतीचं. ठाण्यात नव्या शिपायांच्या जागा निघाल्या की तरुण मुलं-मुली पहाटेपासून रांग लावत. आधी माझ्यापाशी उंची, मग मैदानावर धावणं, मग लेखी परीक्षा. मुलींना एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागत. त्याच्या खाली अर्धा असला तरी घरी. मोजणीकाका म्हणत, "मी नाही म्हणत नाही, पट्टी नाही म्हणते." आणि लोक ते मान्य करत. पट्टी कधी चुकत नाही, असा माझा लौकिक होता.

ठाण्यासमोर एक इस्त्रीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, कारण तिची भाची दिवसभर "मावशी, मावशी" करत तिच्या मागे असे. भाचीची आई नव्हती. मावशीनेच तिला वाढवलं होतं. पोर अंगाने एवढीशी, म्हणून तिचं नाव पडलं पिटुकली. ठाण्यातल्या प्रत्येकाचा गणवेश मावशीच्या हाताखालून जाई. कोणाच्या खांद्यावरचं बटण सैल आहे, हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळे.

कपडे द्यायला आली की मावशी सहज माझ्यापाशी उभी राही. "काका, बघा हो, वाढले का?"

"तिशीला आलीस, आता काय वाढणार? साडेपंचावन्न."

"म्हणजे अर्धा जास्तच आहे की."

"उंचीला जास्त आहे. मागच्या भरतीत धावण्यात बारा सेकंदांनी मागे पडलीस, ते बघ."

वर्षभर मावशी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मैदानावर धावली. पिटुकली दोरीला बांधलेलं घड्याळ गळ्यात अडकवून एका दगडावर बसे आणि वेळ मोजे. शेवटी बारा सेकंद भरून निघाले. वर तीन उरले. भरतीसाठी वयाची अट होती आणि मावशीला अर्ज करता येईल अशी ही शेवटची भरती होती. हे पिटुकलीलाही माहीत होतं. गणवेशाला इस्त्री करता करता मावशी म्हणे, "पुढच्या वर्षी यातला एक माझा."

मग तो दिवस आला, ज्याची मला अजून लाज वाटते. मुलांची कार्डं होऊन आठवडाही झाला नव्हता. ठाण्यात नवं लोखंडी कपाट आणलं. ते सरकवताना निसटलं आणि माझ्या पाटावर पडलं. पाटाचे दोन तुकडे झाले.

भरती तोंडावर आली होती. सुतार केव्हाच वारला होता. ठाण्याचा ड्रायव्हर हाताने हुशार. त्याने अडगळीतला जुना सूचनाफलक काढला, त्याची फळी कापली आणि माझ्या पायाशी ठोकली. वर्षानुवर्षं ज्या फळीवर भरतीच्या सूचना लागल्या, तिच्यावरच आता भरतीची मुलं उभी राहणार होती. टाचण्यांची भोकं अजून दिसत होती. मोजणीकाका पाटावर चढले, दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाले, "हलत नाही ना? झालं तर मग."

पाट हलत नव्हता. पण जुन्या पाटापेक्षा तो एक सेंटीमीटर पातळ होता. मला पहिल्याच दिवशी कळलं. पायच खाली गेले, मग डोकं वर कसं पोचणार? मी ओरडून सांगितलं असतं, पण लाकडाला तोंड नसतं.

भरतीच्या सकाळी मावशी रांगेत नववी होती. पिटुकली घड्याळ घेऊन मैदानाच्या फाटकापाशी थांबली होती. मावशी हसत माझ्यावर उभी राहिली. दांडी खाली आली.

"एकशे साडेचौपन्न," मोजणीकाका म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "साडेचौपन्नच."

"काका, असं कसं? तुम्हीच साडेपंचावन्न सांगता दरवेळी."

"तेव्हा सहज बघत होतो, पोरी. तू टाचा उचलत असशील."

मागून कोणीतरी म्हणालं, "इस्त्रीखाली आखडली असेल." रांग हसली. मावशीने तिसऱ्यांदा मोजायला सांगितलं नाही. जी पट्टी कधी चुकत नाही, तिच्याशी भांडायचं कसं? ती खाली उतरली, चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन पिटुकलीच्या गळ्यातलं घड्याळ काढून घेतलं. त्या दिवशी आणखी दोन मुली अशाच परत गेल्या. त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

तीन आठवड्यांनी पिटुकली एकटीच ठाण्यात आली. तिचं कार्ड फ्रॉकच्या खिशात राहून धुण्यात गेलं होतं आणि त्याचा लगदा झाला होता.

"इस्त्रीवाल्यांच्या घरी कार्ड धुतलं जातं? छान," मोजणीकाका म्हणाले. "ये, नवं करू." त्यांनी तिला उभं केलं. "एकशे अठरा." मग वहीतलं जुनं पान उघडलं आणि थांबले. "इथे एकशे एकोणीस आहे. टाचा उचलल्या होत्यास ना तेव्हा?"

पिटुकली खाली बघून म्हणाली, "काका, मी आखडले का?"

"वेडी आहेस. मुलं कधी आखडत नाहीत."

"मग मावशी एकने कमी भरली आणि मी पण एकने. दोघींनी टाचा उचलल्या होत्या का?"

मोजणीकाकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते उठले, आत जाऊन पोलादी टेप घेऊन आले आणि वाकून माझ्या पाटापासून वर मोजायला लागले. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग ते माझ्या पाटावरच बसले.

ठाण्याच्या साहेबांनी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक आमची, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर महिन्याने आलं. जागा भरल्या होत्या. इतर दोघींना पुढच्या भरतीत बोलवावं. तिसऱ्या उमेदवाराचं वय तोवर उलटलेलं असेल, त्यामुळे नाइलाज आहे.

मावशी गणवेशांचा गठ्ठा घेऊन आली तेव्हा मोजणीकाकांनी तिला ते पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, मी टाचा उचलल्या नव्हत्या."

"माहीत आहे गं. मी आधी पट्टी तपासायला हवी होती. मी तुला तपासत बसलो."

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "साहेबांच्या शर्टाचं बटण बदललंय. जपून घालायला सांगा." आणि ती गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पुन्हा कधीही पाहिलं नाही.

माझ्या जागी स्टीलचं चकचकीत यंत्र आलं आणि मला इथे आणलं. माझी तक्रार नाही. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंना जपा. त्या जुन्या झाल्या तर टाकू नका, दुरुस्त करा, पण दुरुस्त केल्यावर पुन्हा तपासा. आणि कोणाला "तू कमी आहेस" असं सांगण्याआधी हातातलं माप एकदा बघा. माझ्या एका सेंटीमीटरने एका बाईचं वर्षभराचं धावणं गिळलं.

या खोलीचं दार नीट लागत नाही. फटीतून व्हरांडा दिसतो. आज सकाळी भरतीची रांग लागली होती. मोजणीकाकांनी पहिल्या मुलीला हाक मारली, तोच पिटुकली कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली. तिने तो बाकावर ठेवला आणि खिशातून मावशीची शिवणकामाची टेप काढली.

"काका, थांबा. आधी याला मोजू."

रांगेतलं कोणी हसलं नाही. मोजणीकाकांनी नव्या यंत्राची दांडी एकशे पंचावन्नवर आणून घट्ट धरली. पिटुकलीने टेपचं एक टोक पायाने पाटावर दाबलं, दुसरं हातात घेतलं आणि दांडीपर्यंत हात पोचेना म्हणून ती टाचा उचलून उभी राहिली.