डब्यातली साखर

मुकुलनं दातांनी सुतळीची गाठ सोडवली, डब्याचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

पुरणपोळ्या होत्या. वीस दिवसांपूर्वी आईनं भल्या पहाटे उठून केलेल्या, वर तूप सोडून केळीच्या पानात गुंडाळलेल्या. आता त्यांच्यावर हिरवी-पांढरी लव उगवली होती आणि आंबूस, सडका वास सुटला होता. पुण्याहून आलेली गाडी अजून झाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभीच होती. एसी कोचचा जो नवा अटेंडंट हा डबा घेऊन आला होता, तो दोन पावलं मागे सरला.

"भैया, रात भर इसी के साथ बैठे हैं. पूरा कोच महक गया. मॅडम बोलीं, झांसी में दे देना, बस."

"विश्वंभर कहाँ है?"

"छुट्टी पे है."

गाडी हलली तसा तो धावत जाऊन चढला. मुकुलनं पोळ्या कचऱ्याच्या पिंपाजवळ उपड्या केल्या. प्लॅटफॉर्मवरचं एक कुत्रं आलं, त्यानं हुंगलं आणि आल्या पावली निघून गेलं. कुत्र्यालासुद्धा नको! सुतळीला आईचीच गाठ होती, म्हणजे झाकण एकदाही उघडलं गेलं नव्हतं. शी!

इरा त्याला चुलतभावाच्या लग्नात पुण्यात भेटली होती, त्याला दोन वर्षं झाली. तिला त्याचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून हसू यायचं. "किती क्यूट बोलतोस रे!" म्हणायची. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "बघू ना." या "बघू ना"वर हा घोडा दोन वर्षं नाचत होता. मुकुलची झाशीला रेल्वेत नोकरी, गाडीवरची माणसं ओळखीची, त्यामुळे दर पंधरा-वीस दिवसांनी विश्वंभर अटेंडंटच्या हातानं पुण्याला डबा जायचा. कधी लाडू, कधी चकल्या, तिचा घसा बसला म्हणून कधी जवळच्या बरुआसागरचं ताजं आलं. इरा स्टेशनवर यायची, नवा डबा घ्यायची, जुना परत द्यायची.

आणि परत आलेल्या डब्यात दर वेळी साखर असायची. मूठभर, पांढरीशुभ्र.

आईला तेवढं पुरलं. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, ही त्यांच्या घरची रीत. शेजारच्या बुंदेली बायकांना ती हे कौतुकानं सांगायची. "मुलगी तोंडानं सांगायला लाजते, डब्यातनं सांगते," म्हणून ती साखर आधी देवापुढे ठेवायची, मग मुकुलच्या तळहातावर. "हप्त्याहप्त्यानं साखरपुडा चाललाय तुझा," असंही वर चिडवायची. मुकुल हसत हसत ती चाटून घ्यायचा.

त्या साखरेच्या भरवशावर त्यानं बदलीचा अर्ज केला होता. पुण्यात अजय नावाचा एक झाशीजवळच्या गुरसरायचा मुलगा होता, त्याच खात्यात, घरी यायला आसुसलेला. दोघांनी जागा बदलायच्या. पण अजय नोकरीत कालचा. त्याच्या जागी जायचं म्हणजे मुकुलची सात वर्षांची सीनियॉरिटी पाण्यात. आज चारच्या आत ऑफिसात जाऊन शेवटची सही करायची होती, आणि एकदा केली की माघार नाही.

ऑफिसच्या पायऱ्यांवर त्यानं विश्वंभरला फोन लावला.

"दादा, रागावू नका," विश्वंभर म्हणाला. "पहिल्या वेळी डबा रिकामा आला. म्हटलं, तुमच्या आईंना काय वाटेल? चहाबरोबर साखरेच्या पुड्या असतात ना आमच्याकडे, त्या फोडून टाकल्या. मग तेच पडलं."

"आणि आतलं? ती खायची ना?"

"पहिलं एक-दोनदा खाल्लं असेल. नंतर तसंच यायचं. मी बेसिनमध्ये डबा घासायचो. एकदा लाडू चांगले होते, ते आम्हीच खाल्ले. खोटं कशाला बोलू?"

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही डबा घेताना हसायचात, दादा."

त्या पुड्यांची साखर मुकुलनं प्रसाद म्हणून खाल्ली होती, आईच्या हातून, डोळे मिटून. थुंकावंसं वाटलं, पण तोंड कोरडं पडलं होतं. तेवढ्यात आईचाच फोन आला.

"आला का रे डबा?"

"आला."

"मग झालं तर! सही करून ये, मी शिरा टाकते."

त्यानं फोन ठेवला आणि इराला लावला.

"अरे हो, सॉरी रे," डब्याचं नाव काढताच ती म्हणाली. "या वेळी उघडायलाच झालं नाही. आईंना सांगू नकोस हं."

"साखर तू नव्हतीस घालत?"

"कसली साखर?"

पायरीवरून एक बाबू खाली उतरला. मुकुल बाजूला झाला.

"मी बदलीच्या सहीला उभा आहे, इरा. चारपर्यंत टाइम आहे. हो की नाही, एवढं बोल."

"असं रस्त्यात उभं राहून काय विचारतोस? मला खरंच कळत नाहीये. तू खूप चांगला आहेस. थोडा वेळ दे ना. आणि ये की पुण्याला, तुझ्याच फायद्याचं आहे. फक्त माझ्यासाठी म्हणून नको."

"हे आज सांगतेस?"

"मी कधी हो म्हटलं होतं का, मुकुल?"

नव्हतं म्हटलं. एकदाही नाही. आणि यानं तरी कधी सरळ विचारलं होतं? नुसते डबे पाठवत राहिला. तिची किळस येत होती, आणि त्याहून जास्त स्वतःची, पोळ्यांत तूप जास्त घाल म्हणून आईच्या मागे लागणाऱ्या त्या माणसाची.

"ठीक आहे. मग मी सांगतो," तो म्हणाला. "नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या वतीनं मीच सांगतो. नाही. आता तुला काही ठरवायला नको."

"थँक्यू," इरा म्हणाली.

दोन वर्षांत तिनं इतक्या लगेच कशालाच उत्तर दिलं नव्हतं.