बर्फावर ढकललेली खुर्ची

मी एक जुनी, लाकडी आणि भारी तोंडाळ खुर्ची आहे, मित्रांनो. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या कालव्याकाठच्या एका स्वयंपाकघरात माझा जन्म गेला. माझं लाकूड एवढं चिवट, की मला घडवताना सुताराच्या करवती ढसाढसा रडल्या. खोटं वाटतं? करवतींना विचारा.

कालवा गोठला की आमच्याकडची पोरं खुर्ची ढकलत ढकलत बर्फावर स्केटिंग शिकतात. निम्मं गाव माझी पाठ धरून शिकलंय. काय ते कौतुक व्हायचं माझं! पुढे हिवाळे उबदार झाले, कालवा गोठेना, आणि माझी रवानगी झाली कोठीत, बटाट्यांच्या पोत्यांखाली.

त्यात घरच्या नीन्केला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. आणि नेमका त्याच हिवाळ्यात कालवा गोठला! उद्या बर्फ वितळणार, असं रेडिओ सांगत होता. नीन्केनं हट्टच धरला, मला आजच पुलापर्यंत जायचंय.

तिच्या नवऱ्यानं, वीबेनं, मला पुसलं, वर उशी बांधली. हिला बसवून ढकलत न्यायचं, असा त्याचा बेत. नीन्के स्केट्स बांधून बर्फावर आली, उशी सोडली आणि शेजारच्या आफ्के म्हातारीच्या हातात कोंबली.

"मी काय दुधाचा कॅन आहे, ढकलत न्यायला?"

"पडशील गं," वीबे म्हणाला.

"पडले तर उठेन. नाही उठले तर इथंच पडून राहीन. त्या पलंगाचा वीट आलाय मला."

आफ्के म्हणाली, "माझी म्हातारी गायसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ चालते. पण जा तू."

नीन्केनं माझी पाठ घट्ट धरली आणि निघाली. अर्ध्या वाटेत पडलीच. वीबे धावला, तर तिनं हात दाखवून त्याला जागच्या जागी थांबवलं. आधी माझा पाय धरला, मग बैठक, मग पाठ. माझा पाय कडाडला, पण मी दातओठ खाऊन उभी राहिले. मला दात नाहीत, ठाऊक आहे. तरी खाल्ले.

उठली! पुलापर्यंत गेली, श्वास भात्यासारखा चाललेला. वीबे मागोमाग पोचला.

"आता तू बस," ती म्हणाली.

"मी?"

"बस म्हणते ना. मी ढकलते."

एवढा धिप्पाड गडी, डोळे पुसत मुकाट बसला. आणि तिनं ढकललं. आफ्के म्हणते वीतभर सरकलो. मी म्हणते मैलभर.

वसंतात नीन्के गेली. माझा मोडका पाय वीबेनं तारेनं बांधलाय. मित्रांनो, आजारी माणसासाठी खुर्ची जरूर आणा. पण तिच्यावर बसायचं की ती ढकलायची, हे आधी त्याला विचारा.